बोट सोडण्याचा नियम

बालवाडी सुटायची वेळ झाली की फौजदारबाई दारात उकिडव्या बसायच्या. गुडघे कुरकुरायचे, पण खुर्ची त्यांनी कधी घेतली नाही. एकेक पोर यायचं, त्यांचं बोट मुठीत धरायचं आणि फाटकापाशी कोण आलंय ते बघायचं. मग बाई आपलं बोट हळूच सोडवून घ्यायच्या आणि हात मांडीवर ठेवायच्या. पोर फाटकाकडे पळालं तर पळालं. जागीच थबकलं, मागे सरकलं, पुन्हा बोट शोधायला लागलं, तर समोर सख्खा काका असो की कारखान्याचा मालक, पोर त्या दिवशी त्याच्या हाती पडायचं नाही.

"ओळखपत्र दाखवू का बाई?" एखादा चिडून विचारायचा.

"मला कशाला? पोराला दाखवा. ते वाचेल."

फौजदार हे नाव वस्तीनं ठेवलेलं. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी सही करताना तेवढं वापरात यायचं. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत म्हणून ते नाव पडलं, असं काहीजण सांगत. पण खरं कारण एका शेजाऱ्याचं. वस्तीतला मोठा मानाचा माणूस. एका पोराच्या आईनंच त्याला पोराला आणायला पाठवलं होतं. बाईंनी बोट सोडलं आणि पोर दारातच चड्डीत मुतलं. बाईंनी पोर दिलं नाही. माणूस ओरडला, आई येऊन भांडली, वस्तीनं बाईंनाच नावं ठेवली. पुढे त्या शेजाऱ्याचं जे बाहेर आलं ते इथं लिहायच्या लायकीचं नाही. ती आई बाईंच्या पायरीवर बसून रडली, आणि त्या दिवसापासून बाईंचं एक वाक्य वस्तीभर फिरायला लागलं. पोराचे पाय खोटं बोलत नाहीत.

नियम एकदा खरा ठरला की माणसाच्या डोक्यात बसतो, आणि तिथून तो उठता उठत नाही. बाईंचं तेच झालं.

तशा त्या झाडू मारायला म्हणून आल्या होत्या. कागदाच्या व्यापाऱ्याचं जुनं गोदाम, उंचावर दोन झरोके, फरशी थंडगार, आणि त्यात संस्थेनं उघडलेली बालवाडी. आधीची बाई पोरांना रांगेत बसवून अक्षरं घोकून घ्यायची. फौजदारबाई मागं उभ्या राहून बघायच्या की घोकताना पोरांची नजर कुठं असते. नजर असायची त्यांच्या झाडूवर. झाडू हलायचा, धूळ उडायची, उन्हाच्या पट्ट्यात चमकायची. पोरांना ते बघायचं होतं. आधीची बाई गेली आणि यांना बढती मिळाली, तेव्हा पहिलं काम त्यांनी केलं ते रांग मोडायचं. पुढे परीक्षा दिल्या, प्रमाणपत्रं आली, भिंतीवर लागली नाहीत. भिंतीवर पोरांच्या हाताचे ठसे होते.

खोलीचे चार कोपरे केले. एकात पाण्याची परात आणि वाट्या, एकात लाकडी ठोकळे, एकात चित्रांची पुस्तकं, आणि चौथा घरकोपरा. खोटी चूल, कपबश्या, कापडी बाहुली, मोडका फोन. पोर दिवसभर काय करतं ते बघायचं, हातातलं काढून घ्यायचं नाही, उत्तर आधी सांगायचं नाही. शिकवणं म्हणजे एवढंच, आणि एवढंच करायला जन्म जातो.

हे लोकांना पटवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. लहान पोरांबरोबरच्या कामाला काम म्हणायला लोकांची जीभच वळत नाही. मोटार दुरुस्त करतो तो कारागीर, दात उपटतो तो डॉक्टर, आणि माणसाची पहिली पाच वर्षं जिच्या हातातून जातात ती काय तर पोरं सांभाळणारी. वस्तीतला शिंपी एकदा फाटकावर टेकून सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाई, माझं पोर वर्षभर येतंय तुमच्याकडे. शिकलं काय, तर पाणी ओतायला."

"घरी सांडायचं कमी झालं का?"

"झालं."

"मग बरंय की. तुमच्या घरात निदान एक तरी माणूस आता न सांडता ओततो."

शिंपी संध्याकाळी कसा घरी जायचा ते वस्तीला ठाऊक होतं. तो स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि पुन्हा विषय काढला नाही.

अशा या बाईंच्या दारात वर्ष अर्ध्यावर आलं असताना एक तरुण बाई आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चार वर्षांची मुलगी. इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीच्या कामाला लागले म्हणाली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या बारीक रेघा होत्या. बाईंनी त्या इस्त्रीच्या म्हणून सोडून दिल्या. पण काम तर कालच लागलं होतं, आणि रेघा जुन्या होत्या.

"एकच सांगायचंय," ती म्हणाली. "हिला माझ्याशिवाय कुणाकडे द्यायचं नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही."

"काळजी करू नकोस. इथं माझा नियम आहे. पोरगीच सांगते कुणाबरोबर जायचं ते."

"नियम नको, बाई. मीच येईन. उशीर झाला तरी मीच."

बाईंना ते जरा लागलं. सगळं शहर ज्या नियमाचं नाव काढतं तो हिला नको होता. का नको ते त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, हाही त्यांचा एक अभिमान होता. आणि इस्त्रीवालीनं आपण होऊन सांगितलं नाही, कारण आजवर जिथं जिथं सांगितलं तिथं तिथं तिला समजावून परत पाठवलं गेलं होतं. चौकीतल्या साहेबानं मुलीच्या अंगावर खूण आहे का विचारलं. खूण नव्हती. मग साहेबानं चहा मागवला आणि संसार कसा टिकवावा ते सांगितलं. सख्ख्या भावानंही तेच सांगितलं, फक्त चहा दिला नाही.

मुलगी जिथं जाईल तिथून काहीतरी उचलून मुठीत घेऊन यायची. बटण, दोऱ्याचा तुकडा, खडूचं टोक. उचलायची आणि जिथलं असेल तिथं नेऊन ठेवायची. तिचं नाव मुंगी पडलं.

मुंगीनं पहिल्याच दिवशी घरकोपरा ताब्यात घेतला. कप ओळीनं मांडायची, सगळ्यांचे कान एका बाजूला. फडक्याची घडी करायची, उलगडायची, पुन्हा करायची. बाहुलीला भिंतीला पाठ लावून बसवायची आणि तिच्या तोंडावर बोट ठेवायची. मग स्वतः उभी राहायची, मान जराशी दाराकडे कलती करून. बराच वेळ. नंतर हळू आवाजात म्हणायची, "आले." आणि तिथंच खेळ संपायचा. पुढे कधी काही व्हायचंच नाही. दुसऱ्या पोरांच्या घरकोपऱ्यात आले म्हटल्यावर जेवणं व्हायची, भांडणं व्हायची, कुणी आजारी पडायचं, कुणी इंजेक्शन द्यायचं. मुंगीच्या घरात कुणीतरी यायचं आणि सगळं थांबायचं.

शिकाऊ मुली बालवाडी बघायला आल्या तेव्हा बाईंनी त्यांना त्या कोपऱ्यात नेलं. "बघा, एवढीशी पोर, पण कामात कशी बुडालीय. आजूबाजूला बाजार भरला तरी हिला कळायचं नाही. याला म्हणतात एकाग्रता."

मुलींनी माना डोलावल्या. मदतनीस मावशी परात पुसत होत्या. बाईंपेक्षा वयानं थोड्या मोठ्या, बोलायला कमी. मुली गेल्यावर म्हणाल्या, "बाई, ही कधी सांडत नाही."

"मग तुमचं पुसायचं काम वाचलं."

"वाचलं खरं. पण पोर आहे, कधीतरी सांडावं."

"मावशी, तुम्हाला सांडलं तरी त्रास, नाही सांडलं तरी त्रास."

मावशी हसल्या आणि फडकं पिळायला गेल्या. संध्याकाळी इस्त्रीवाली आली तेव्हा बाईंनी तिच्याजवळही कौतुक केलं. "फार शिस्तीची आहे गं लेक तुझी. कुणी लावली सवय?"

"मी नाही लावली," ती म्हणाली, आणि मुंगीला उचलून भरभर निघून गेली. बाईंना वाटलं, लाजली.

तो माणूस पहिल्यांदा दिसला तो रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या फळीवर बसलेला. इस्त्रीचा सदरा, पायात स्वच्छ बूट, मांडीवर अवजारांची पेटी. दुसऱ्या दिवशी तिथंच. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, पोरं झोपलेली असताना, त्यानं फाटक वाजवलं. वाजवलं म्हणजे किती, तर नखानं टकटक केली.

"पोरं झोपली असतील म्हणून जोरात नाही वाजवलं," तो म्हणाला. "तुम्ही जिला मुंगी म्हणता, तिचा मी बाबा. घाबरू नका, ताई, न्यायला नाही आलो. नुसतं लांबून बघतो."

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वस्तीतले बाप त्यांनी कोळून प्यायले होते. "आईला माहीत आहे तुम्ही येता ते?"

"नाही. ती रागावून आलीय. चूक माझीच आहे. कामाच्या मागं लागून घराकडे बघितलं नाही. लिफ्ट दुरुस्त करतो मी. लोक अडकतात, दिवस बघत नाहीत, रात्र बघत नाहीत." मग तो उघड्या दाराकडे बघत म्हणाला, "ताई, एक विचारू? ती परात मी बाहेरून बघतो. मुलं नुसती पाणी ओततात. त्यातून त्यांच्या डोक्यात नेमकं काय होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न बाईंना एकाही बापानं विचारला नव्हता. खिल्ली उडवायला विचारला होता, असा विचारला नव्हता. बाईंनी सांगितलं. उंच ग्लासातलं पाणी पसरट वाटीत गेलं की पोराला ते कमी झालं असं वाटतं, मग कधीतरी कळतं की ते तेवढंच आहे, आणि ते कळायला शंभरदा ओतावं लागतं. तो ऐकत राहिला. मध्ये बोलला नाही. जाताना म्हणाला, "तुमच्या झोपाळ्याची साखळी घासलीय. एखादं पोर पडेल." आणि पेटी उघडून तिथंच दुरुस्त करून दिली. हात इतके हलके की एकही मूल जागं झालं नाही.

आवळा देऊन कोहळा काढणारे बाईंनी पुष्कळ बघितले होते. गोळ्या आणणारे, साड्या आणणारे, ओळख सांगणारे. त्यांना त्या उभ्या उभ्या परत पाठवायच्या. हा काहीच आणत नव्हता. हा फक्त विचारत होता. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला प्रत्येक वेळी स्तुतीच लागते असं नाही. त्याचं काम समजून घेतलं तरी तो चढतो, आणि हे झाड तर रिकामंच उभं होतं.

तो येत राहिला, नेहमी दुपारच्या झोपेच्या वेळी. बाई सांगत राहिल्या. ठोकळे का, गोष्ट रोज तीच का, पोर कोपऱ्यात एकटं बसलं तर त्याला उठवायचं का नाही. एक दिवस बोट सोडायच्या नियमाची गोष्टही निघाली. बाईंनी शेजाऱ्याचा सगळा प्रसंग सांगितला.

"म्हणजे कागद नाही, सही नाही," तो म्हणाला. "पोर स्वतः गेलं की गेलं."

"गेलं की गेलं. मग माझा हात आडवा येत नाही."

"किती साधं आहे," तो म्हणाला.

इस्त्रीवालीला सांगायला हवं, हे बाईंच्या मनात येऊन गेलं. एकदा नाही, रोज. पण सांगायचं तर आधीच्या सगळ्या दुपारीही सांगाव्या लागणार. ती पोरीला काढून नेईल, आणि पोर तर इथं रमलीय. असं म्हणत त्या रोज उद्यावर ढकलत होत्या. मावशींना दुपारी घरी जायचं असायचं, त्यांना यातलं फारसं दिसलंच नाही.

मग तो सुटायच्या वेळेला आला. इस्त्रीवालीच्या यायच्या थोडं आधी, फाटकापाशी, इतर आईबापांमध्ये, शिंप्याच्या शेजारी. शिंप्याशी तो हसून बोलत होता. बाई दारात उकिडव्या बसलेल्या. मुंगीनं त्यांचं बोट धरलं आणि फाटकाकडे बघितलं.

"बाई," मागून मावशी हळूच म्हणाल्या, "हिची आई काय सांगून गेलीय?"

"माहीत आहे मला."

"मग?"

"मावशी, इतकी वर्षं मी कुणाचं ऐकत आले? आईचं, बापाचं, का पोराचं?"

फाटकापाशी लोक बघत होते. बाईंना सोपं होतं, मुलीला उचलून आत न्यायचं. पण मग नियम कसला? आवडेल तेव्हा लावायचा आणि नको तेव्हा गुंडाळून ठेवायचा, तो नियम नव्हे, मर्जी. बाईंनी बोट सोडवायला हात हलवला.

मुंगी पळाली. सरळ, वेगानं, एका रेषेत. त्यानं तिला उचललं, ती हसली, तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. फाटकावरच्या एकदोघांच्या तोंडून कौतुकाचा आवाज निघाला. त्यानं बाईंकडे बघून मान हलवली, बघितलंत ना, अशा अर्थी. बाईंनीही मान हलवली. छाती जराशी फुगलीही.

आणि मग त्यांना आपला हात दिसला. बोट त्यांनी सोडवलंच नव्हतं. त्यांनी हलवायच्या आधीच मुंगीची मूठ उघडली होती, आणि जिथं मूठ होती तिथलं कातडं घामानं ओलं होतं, थंड.

आनंदानं पळणारी पोरं बाईंनी हजारो बघितली होती. आनंदानं पळणारं पोर कधी सरळ पळत नाही. चप्पल सुटते, मध्येच थांबतं, मागे वळून हात हलवतं, पिशवी विसरतं, पिशवीसाठी परत येतं, पडतं, उठतं. मुंगी काहीच विसरली नव्हती. आता ती त्याच्या खांद्यावरून त्याची कॉलर नीट करत होती. दोन बोटांनी दुमड दाबली आणि झटकन त्याच्या तोंडाकडे बघितलं. जमलं का. बरोबर आहे का. हसू जसंच्या तसं होतं, तोंडावर ठेवून दिल्यासारखं.

घरकोपऱ्यात कोण यायचं ते बाईंना तेव्हा कळलं. आले म्हटलं की पळायचं असतं. न पळालं तर काय होतं, ते त्या खेळात कधी आलंच नव्हतं, कारण ते खेळता येण्यासारखं नसणार.

तो वळून निघाला होता. कोपऱ्यावर गाडी उभी होती. ओरडावं तर तो पाय उचलेल, आणि बाप आपली पोर नेतोय त्याला कोण अडवणार? शिंपी? बाई उभ्या राहिल्या आणि रोजच्या आवाजात, जरा मोठ्यानं म्हणाल्या, "मुंगी, कपांचे कान उलटे राहिलेत."

मुलगी त्याच्या कडेवर ताठ झाली.

"असू देत," तो म्हणाला.

"बाबा, कप."

"असू देत म्हटलं ना."

ती रडली नाही. तिचा श्वास तेवढा भरभर व्हायला लागला, लोहाराच्या भात्यासारखा, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. शिंप्यानं मान वळवली. "पोरीला काय झालं हो?" चार माणसं बघायला लागली, आणि तो तर चार माणसांत चांगला दिसणारा माणूस. त्यानं हसून तिला खाली ठेवलं. "जा, नीट करून ये. बाबा थांबलेत."

मुंगी बाईंकडे पळाली. सरळ, वेगानं, एका रेषेत. तेच हसू. त्याच्याकडे जशी पळाली होती अगदी तशीच. बाईंनी तिला आत घेतलं आणि दार लावलं. पण ते पळणं त्यांच्या नजरेसमोरून पुढे कधी गेलं नाही. पोरीच्या ज्या दुखऱ्या जागेवर त्यानं इतके दिवस बोट ठेवलं होतं, तिथंच दाबून त्यांनी तिला परत आणलं होतं. दुसरा उपाय नव्हता. म्हणून तो चांगला होता असं नाही.

मावशी न सांगता मागच्या दारानं निघाल्या होत्या, धुलाईघराकडे.

बाई पुन्हा दारात आल्या. उरलेली पोरं आपापल्या माणसांकडे दिली. बोट धरून, फाटकापर्यंत नेऊन, हातात हात देऊन. शेवटी फाटकापाशी तो एकटा राहिला.

"मुलगी तिच्या आईबरोबर जाईल," बाई म्हणाल्या.

"हरकत नाही, ताई." आवाज तसाच मऊ. "फक्त तुम्ही तुमचा नियम मोडलात. लोकांनी बघितलं. मला वाईट वाटलं तुमच्यासाठी."

तो फळीवर जाऊन बसला आणि पेटी मांडीवर घेतली.

इस्त्रीवाली मागच्या गल्लीतून आली. मावशींनी तिला वाटेत सगळं सांगितलं असावं, कारण तिनं काही विचारलं नाही. मुंगीच्या पायात चप्पल घातली, पिशवी घेतली. बाई काहीतरी बोलायला गेल्या.

"तुम्हाला एकच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि गेली. खोली सोडली, काम सोडलं. कुठं गेली ते तिनं मावशींनाही सांगितलं नाही.

तो पुढेही काही दिवस फळीवर येऊन बसला. फाटकापाशी आला नाही. मग यायचा बंद झाला. बाईंना त्याचं बसणं परवडलं होतं. तो इथं बसलाय म्हणजे तिथं नाही, एवढं तरी कळायचं. आता रिकाम्या फळीकडे बघून त्यांना घास गिळवेना.

दोन महिन्यांनी संस्थेची बैठक भरली. शहरातल्या सगळ्या बालवाड्यांच्या बाया, मोठ्या हॉलमध्ये, पंख्याखाली. नव्या बायांना बाईंनी बोट सोडायचा नियम समजावून द्यावा असं ठरलं होतं. बाईंनी नाही म्हटलं नव्हतं. काय बोलायचं ते ठरत नव्हतं, पण नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि बाईंची मूठ वीस वर्षांची होती.

शेजारी पुलापलीकडच्या बालवाडीची बाई बसली होती, वयानं बरीच लहान, बडबडी. बैठक सुरू व्हायची होती. ती म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणता ना, बाप लोक काही विचारत नाहीत. मला भेटला एक. दुपारी येतो, पोरं झोपली की. पुस्तकांच्या फळ्या ठोकून दिल्या फुकट. आणि विचारतो काय, तर तीच गोष्ट रोज सांगितल्यानं मुलांना काय मिळतं. मी तर बघतच राहिले."

बाईंनी मान वळवली. "तुझ्याकडे नवीन मुलगी आलीय का? चार वर्षांची?"

"आलीय की. तुम्हाला कोणी सांगितलं? फार शिस्तीची आहे हो. मी तर सगळ्यांना दाखवते."

"आज दारात कोण आहे तुझ्या?"

"मदतनीस. सुटायची वेळ झालीच आता. मी तिला तुमचा नियम शिकवलाय, काळजी नाही."

बाई उठल्या. समोर कुणी तरी स्वागताचं बोलत होतं. बाईंनी त्याला हातानं थांबवलं, फौजदाराला शोभेल असं. "फोन लाव," त्या पुलापलीकडच्या बाईला म्हणाल्या. "मदतनीसला लाव. सांग, त्या मुलीला आईशिवाय कुणाकडे द्यायचं नाही."

"पण ताई, पोर स्वतः पळत गेलं तर..."

"पळत गेली तर मुळीच नाही."

फोनची घंटा वाजत राहिली. वाजत असतानाच बाई त्या सगळ्या बायांकडे वळून बोलल्या. उभ्यानं, कागद न धरता. "माझा नियम वापरू नका. भ्यालेलं पोर थबकतं, हे मला माहीत होतं. भ्यालेलं पोर पळतंही, हे मला बघायचं नव्हतं. मी एक मुलगी तिच्या बापाच्या हातात दिलीय, आणि ती देताना मला आनंद झाला होता. पुढचं विचारायचं असेल तर नंतर विचारा."

मागं कुणीतरी कुजबुजलं, ती कुजबुज पुढे वर्षभर चालली. चालू दे.

घंटा थांबली. मदतनीसनं फोन उचलला होता. पुलापलीकडची बाई बोलत होती, ऐकत होती, आणि तिचा रंग उतरत चालला होता. "हो... दार लाव. आधी लाव, मग बोल... कुठं आहे ती? तुझ्याजवळ? हात धर तिचा. सोडू नको." मग तिनं फोन कानापासून दूर केला. "ताई, तो तिथं आहे. फाटकापाशी. पाणी मागितलं म्हणते, तिनं दिलं. ग्लास परत देतोय, थँक्यू म्हणतोय."

बाई तोवर पायऱ्या उतरत होत्या.

मुलगी त्या दिवशी आईकडेच गेली. पाचसहा बाया फाटकाभोवती उभ्या होत्या, त्यात फौजदारबाई. त्या आईच्या समोर आल्या नाहीत, मागं राहिल्या. मायलेकींनी पुन्हा कुठं हलायचं ते त्या बायांनी ठरवलं. बाईंना सांगितलं नाही.

"तुमच्या तोंडून जायला नको म्हणून," मावशी म्हणाल्या.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. मावशींनी दचकून बघितलं, कारण हे दोन शब्द त्यांनी बाईंच्या तोंडून क्वचितच ऐकले होते.

आता त्या दारात उकिडव्या बसत नाहीत. नव्या आईला आत बोलावतात, दार लावून घेतात आणि विचारतात. घरी कोण कोण आहे, पोर कुणाच्या पावलांना ओळखतं, ओळखल्यावर काय करतं. बायकांना ते आवडत नाही. दुसऱ्याच्या घरात फार नाक खुपसते म्हणतात. शिंपी म्हणतो, बाई आता खऱ्या फौजदार झाल्या. बाई ऐकून घेतात. पोर फार टापटीप असलं, कधी सांडत नसलं, तर त्याचं कौतुक करायच्या आधी त्यांचा हात थांबतो.

तो माणूस याच शहरात आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांना बाहेर काढताना न चिडता, मऊ आवाजात धीर देत राहतो. लोक त्याच्याबद्दल चांगलंच बोलतात.